‘पांढरं जातंय’ हे मोठ्यानं सांगताना

इथे इंग्लंडात सातव्या महिन्याच्या तपासणीत बीपी मोजता मोजता मिडवाइफने, म्हणजे गरोदरपण-बाळंतपण बघणाऱ्या प्रशिक्षित सुईणीने, विचारलं, "स्रावाला वास येतो का? माशासारखा?" नवरा शेजारीच बसला होता. माझी नजर आधी दाराकडे गेली. नागपुरात ‘अंगावरून पांढरं जातं’ हे आईही माझ्याशी कुकरच्या शिट्टीआड बोलायची.

येतो, म्हणाले. तीन आठवडे येत होता.

तिने कापूस लावलेली लांब काडी दिली, बाथरूममध्ये जाऊन नमुना स्वतःच घे म्हणाली. मग फोन आला: बॅक्टेरियल व्हजायनोसिस. योनीमार्गातले लॅक्टोबॅसिलस हे चांगले जंतू तिथली आम्लता राखतात; ते कमी झाले की गार्डनेरेलासारखे दुसरे माजतात. म्हणजे हा घाणेरडेपणा नव्हे! मी मात्र वासाला घाबरून दिवसातून चारदा सुगंधी लिक्विडने धूत होते, वर आईने सांगितलेलं तुरटीचं पाणी. "साधं पाणी, तेही फक्त बाहेरून," मिडवाइफने दोनदा बजावलं. गरोदरपणात या आजारामुळे दिवस भरायच्या आत बाळंत होण्याचा धोका वाढतो, म्हणून त्रास अंगावर काढायचा नाही. औषध: मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक, 400 मिलिग्रॅमची गोळी, दिवसातून दोनदा, सात दिवस. इंग्लंडात गरोदर बाईला औषधं फुकट. त्या सात दिवसांत तोंडाला अशी लोखंडी चव, की घरून आलेली संत्रा बर्फीही घशाखाली उतरेना.

लग्नानंतर नागपुरातल्या एका दवाखान्यात मी हेच सांगायला गेले होते. पडद्यापलीकडे दुसरी पेशंट. डॉक्टरबाईंनी मान वर न करता चिठ्ठी लिहिली. गोळी कशाची, ते सांगितलं नाही. तो राग अजून आहे.

तरी आपल्याकडच्या डॉक्टरांना इथल्या कुणी नावं ठेवली तर मी भांडते. नागपूरच्या धंतोलीत सकाळी नंबर लावला की दुपारी स्त्रीरोगतज्ज्ञ समोर. इथे सात महिन्यांत मी डॉक्टरचं तोंड पाहिलेलं नाही. त्रास नसेल तर स्रावाची ही तपासणी इथेही सरसकट करत नाहीत. आई रोज म्हणते, "अवं, ये ना इकडं बाळंतपणाला." मी विमानप्रवासाचं कारण देते. खरं म्हणजे मला पुन्हा त्या पडद्याआड कुजबुजायचं नाही.

रविवारी वहिनीला सगळं सांगितलं. तिला पाचवा लागलाय. ती फोन घेऊन गच्चीवर गेली, मग म्हणाली, "ताई, मलाही." सोमवारी ती दवाखान्यात जाऊन आली. तिलाही तीच 400 ची गोळी.