स्पेडोस मूर्ती, ३० सेंमी: तिसरं कास्टिंग जमलं

ही एका प्राचीन संगमरवरी स्त्रीमूर्तीची रेझिनमधली प्रतिकृती. मूळ मूर्ती ग्रीसच्या सायक्लॅडिक बेटांवरची, साधारण इ.स.पू. २७०० ते २४०० मधली. 'स्पेडोस' हे नाव नाक्सोस बेटावरच्या दफनभूमीवरून पडलं. मॉडेल प्लास्टिसिनमध्ये (न सुकणारी तेलकट माती) केलंय. इथे दोन गोष्टी हमखास चुकतात. पोटावर घडी घातलेल्या हातांत डावा वर, उजवा खाली असतो. आणि चेहऱ्यावर फक्त नाक कोरलेलं असतं. डोळे रंगाने काढत, काही मूर्तींवर निळ्या-लाल रंगाच्या खुणा अजून दिसतात. त्यामुळे 'चेहरा अपुरा वाटतो' म्हणून डोळे कोरायला जाऊ नये, सगळी मूर्ती फसते.

साचा दोन भागांचा. टिन-क्युअर सिलिकॉन (कथिलयुक्त कॅटलिस्टने घट्ट होणारं साच्याचं रबर) ७५० ग्रॅम, कॅटलिस्ट ३ टक्के, ब्रशने तीन थर, बाहेरून पीओपीचं जॅकेट. प्लॅटिनम सिलिकॉन (प्लॅटिनमच्या कॅटलिस्टने घट्ट होणारं) घेणार असाल तर प्लास्टिसिन गंधकविरहित आहे ना ते आधी बघा, नाहीतर सिलिकॉन चिकटच राहतं. पायांमधली खाच आरपार नसते, मागे पातळ पडदा असतो. साच्यात त्या जागी सिलिकॉनचं पातळ पातं तयार होतं आणि कास्टिंग घाईने ओढलं की तेच आधी फाटतं. आधी पाय मोकळे करायचे, मग डोकं.

आता कास्टिंग. मूर्तीचं आकारमान साधारण ३३० मिली, म्हणजे पॉलिस्टर रेझिन २४० ग्रॅम आणि त्यात मिसळायची दगडी भुकटी ३०० ग्रॅम.

पहिल्या वेळी हार्डनर (रेझिन घट्ट करणारं द्रव्य) रेझिनच्या २ टक्के घातला. छातीशी जाडी जास्त, तिथे मिश्रण तापलं आणि आडवा तडा गेला. दुसऱ्या वेळी १ टक्का, म्हणजे २.४ ग्रॅम (थेंब मोजू नका, ०.१ ग्रॅम दाखवणारा वजनकाटा वापरा). तडा नाही, पण सगळी भुकटी कॅल्शियम कार्बोनेटची, तीही अगदी बारीक. मूर्ती चुना फासल्यासारखी दिसली. पांढरी होती, संगमरवरी नव्हती. चांगल्या संगमरवरात प्रकाश थोडा आत शिरतो आणि मग परततो, तो भासच नव्हता.

तिसऱ्या वेळी २१० ग्रॅम अॅल्युमिनियम ट्रायहायड्रेट (एक पांढरी खनिज भुकटी), ९० ग्रॅम जाडसर मार्बल पावडर. ट्रायहायड्रेटचा अपवर्तनांक (प्रकाश वाकवण्याचं प्रमाण) रेझिनच्या जवळपास असल्याने मिश्रण दुधट पारदर्शक राहतं, आणि जाड कण उजेडात चमकतात. पांढऱ्या रंगाची पेस्ट सुईच्या टोकाएवढी, पिवळा गेरू त्याहून कमी. भुकटी आधी कडक उन्हात किंवा मंद ओव्हनमध्ये सुकवून घ्या, ओल असेल तर रेझिन नीट धरत नाही.

ओतताना डोकं खाली. मग नाकाच्या आणि हातांच्या खालच्या कडेला हवा अडकते. उपाय: साच्यात टाल्कम पावडर हलकी झटकायची, त्या कडांना भुकटी न घातलेलं पातळ रेझिन ब्रशने लावायचं, ते चिकट झालं की बाकीचं बारीक धारेने एकाच कोपऱ्यातून सोडायचं. खिडक्या उघड्या, मास्क आणि हातमोजे घालायचेच. कोबाल्ट (रेझिन घट्ट होण्याचा वेग वाढवणारं द्रव्य) वेगळा मिळाला असेल तर आधी तो रेझिनमध्ये पूर्ण मिसळा, हार्डनर नंतर. दोन्ही थेट एकत्र आले तर भडका उडू शकतो.

पॉलिश २२० नंबरच्या पॉलिश पेपरपासून, मग ओला ४०० आणि ८००. तिथेच थांबा, वर थोडं मेण. त्यापुढे गेलं की बाथरूमच्या टाइलसारखी चकाकी येते.

या मूर्तीची पावलं खाली टोकदार, ती उभी राहूच शकत नाही. म्हणून पायांत ४ मिमीची स्टीलची सळई ओततानाच बसवली, खालून ग्रॅनाइटच्या ठोकळ्यात. एक उणीव राहिली: अस्सल संगमरवरात ही ९०० ग्रॅमच्या आसपास भरली असती, ही ५४०. बॅराइटने (एक जड खनिज) वजन वाढेल, पण पारदर्शकपणा जाईल. तूर्त भार ठोकळ्यावरच सोडलाय.