नागिणीनंतरचं दुखणं आणि विजयाचे थेंब

दोन वर्षांपूर्वी, गणपती आठवड्यावर आले असताना, मला उजव्या बरगडीखाली नागीण झाली. सासूबाई धास्तावल्या. नागिणीची दोन तोंडं जुळली की माणूस वाचत नाही, असं त्यांच्या गावाकडे म्हणतात. तसं काही नसतं. लहानपणच्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूत दडून राहतो आणि वय झालं की अंगाच्या एका बाजूला पट्ट्यासारखा उठतो, एवढंच. फोड तीन आठवड्यांत सुकले. दुखणं मात्र राहिलं.

हे दुखणं सांगून कळत नाही. जोरात दाबलं तर कमी दुखायचं, पण ब्लाउजचं कापड नुसतं घासलं तरी तिखट लावल्यासारखी आग व्हायची. घरात मी यांचे जुने, धुऊन धुऊन विरलेले बनियन उलटे घालायचे, शिवण बाहेर यावी म्हणून. पंख्याचा वारासुद्धा नको व्हायचा. दादरला बायकांच्या डब्यात कुणाच्या पर्सचा कोपरा लागला की डोळ्यांतून पाणी यायचं आणि लोक विचारायचे, काकू, बसता का?

एका मोठ्या रुग्णालयाच्या पेन क्लिनिकमध्ये, म्हणजे जुनाट दुखण्यांच्या विभागात, उपचार सुरू झाले. प्रीगॅबालिन या मज्जातंतूंच्या दुखण्यावरच्या गोळीने थोडा उतार पडला, पण पाय सुजले आणि दुपारभर डोकं जड राहायला लागलं. अमिट्रिप्टिलीन या दुसऱ्या गोळीने तोंडाला कोरड पडायची. कातडी बधिर करणारे लिडोकेनचे पॅच चांगले होते, पण रोज परवडणारे नव्हते. रात्री दोनला जाग आली की पहाटेपर्यंत मी खिडकीपाशी बसून असायचे.

पुतणीने विजयाच्या तेलाचं नाव काढलं. विजया म्हणजे भांग, असं कळल्यावर आमचे हे आधी गप्पच झाले, मग म्हणाले, "उद्या पोलीस दारात आले तर?" भीती खोटी नव्हती, म्हणून मी नीट माहिती काढली. १९८५च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्यात गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा आणि चरस म्हणजे त्याची राळ. नुसती पानं त्या व्याख्येत येत नाहीत. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत विजया आहेच, आणि पानांपासूनची औषधं आयुर्वेदिक औषधाच्या परवान्याखाली बनतात. पण भांग औषधांच्या कायद्यातल्या विषारी द्रव्यांच्या यादीतही आहे, त्यामुळे वैद्यकीय देखरेखीशिवाय ती घ्यायची नसते. शिवाय महाराष्ट्रात भांगेवर १९४९च्या दारूबंदी कायद्याचं बंधन आहे. म्हणजे कुठून तरी पाला आणून घरी घोटायचा, हा विचारही करायचा नाही.

पहिली चिठ्ठी मी फोनवरून घेतली. तेल विकणाऱ्या कंपनीनेच डॉक्टर जोडून दिला होता. चार मिनिटांत बोलणं संपलं. रक्तदाबाची गोळी चालू आहे का, हेही त्याने विचारलं नाही. ती चिठ्ठी मी वापरली नाही, आणि आज वाटतं, माझ्या हातून झालेली ती सगळ्यांत शहाणपणाची गोष्ट होती.

मग गिरगावातल्या एका वैद्यांकडे गेले. ते म्हणाले, "ताई, आधी चालू असलेल्या सगळ्या गोळ्या टेबलावर ठेवा." प्रत्येक पाकीट उलटून वाचलं. विजया आणि प्रीगॅबालिन, दोन्हींनी गुंगी येते, तेव्हा पेन क्लिनिकच्या डॉक्टरांना सांगितल्याशिवाय लिहून देणार नाही म्हणाले. त्या डॉक्टरीणबाई ओरडतील अशी माझी खात्री होती. त्या ओरडल्या नाहीत. दुखण्यावर काम करणाऱ्या जागतिक संघटनेने २०२१मध्ये, पुरावा पुरेसा नाही म्हणून, भांगेच्या औषधांची सरसकट शिफारस करायला नकार दिलाय, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. "काहींना थोडा फरक पडतो, बऱ्याच जणांना पडत नाही. घेणार असाल तर लपवून घेऊ नका." इतकं सरळ माझ्याशी आधी कुणी बोललं नव्हतं.

बाटली बोटभर उंचीची. लेबलवर परवान्याचा नंबर आणि वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना आहे ना, हे वैद्यांनी मला स्वतः वाचायला लावलं. सुरुवात रात्री दोन थेंबांनी, जिभेखाली. चव हिरवी, कडवट, ओल्या गवतासारखी. तीन दिवसांनी एक थेंब वाढवायचा आणि वहीत लिहायचं: किती वाजता घेतलं, दुखणं दहापैकी किती, झोप किती. (माझे थेंब कुणी प्रमाण धरू नका. प्रत्येक बाटलीची ताकद वेगळी असते.)

दहाव्या रात्री माझी चूक झाली. तासाभरात काहीच जाणवेना म्हणून मी पुन्हा तेवढेच थेंब घेतले. जिभेखालून पोटात गेलेल्या तेलाचा अंमल उशिरा चढतो, हे सांगूनही मी विसरले. बाथरूमला जायला उठले आणि स्वयंपाकघरातला ओटा धरूनच उभी राहिले. छाती धडधडत होती, जीभ टाळूला चिकटली होती, आणि आपण आता मरतो असंच वाटत होतं. हे पहाटे तीनपर्यंत माझा हात धरून बसले, एका शब्दाने बोलले नाहीत. सकाळी दोन्ही डॉक्टरांना फोन केला. मधे चार दिवस तेल बंद, मग पुन्हा दोन थेंबांपासून सुरुवात.

आता आठ महिने झाले. दुखणं गेलेलं नाही. वहीत आधी आठ-नऊ असायचे, आता बहुतेक दिवस पाच असतात, पावसाळी हवेत सहा. खरा फरक झोपेत पडला. सलग पाच तास डोळा लागतो आणि पाच तास झोपलेल्या माणसाला पाच आकड्याचं दुखणं झेपतं. प्रीगॅबालिन डॉक्टरीणबाईंनी हळूहळू निम्म्यावर आणलं. मी स्वतःहून एक गोळीही कमी केली नाही. मुंबईबाहेर जाताना बाटलीसोबत चिठ्ठी आणि बिल एकाच पिशवीत ठेवते. नागिणीची लस मिळते, ती पन्नाशीनंतर घ्यावी, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर! माझ्या दोन्ही जावांना मी स्वतः घेऊन गेले.

गेल्या महिन्यात भाचीच्या लग्नासाठी दोन वर्षांनी नवा ब्लाउज शिवायला टाकला. शिवणाऱ्या ताईंना सांगितलं, उजव्या कुशीची शिवण तेवढी बाहेरून घाला.