हरेगावच्या वाटेवर म्हटलेलं १३६वं स्तोत्र

सप्टेंबर उजाडला की नगर, नाशिक, संभाजीनगर भागातल्या ख्रिस्ती वस्त्यांमध्ये विचारणा सुरू होते, "यंदा मतमाउलीला पायी कोण कोण?" श्रीरामपूरजवळच्या हरेगावात मतमाउलीची, म्हणजे पवित्र मरियेची, ही यात्रा भरते. ८ सप्टेंबर हा पवित्र मरियेचा जन्मदिन, आणि त्याच्या लगतच्या शनिवार-रविवारी तिथं लाखो लोक लोटतात. कुणी एसटीनं, कुणी जीपनं, कुणी चालत. आम्ही संगमनेरकडचे. लोणी, बाभळेश्वर, श्रीरामपूर अशी आमची वाट.

बरेच जण नवस बोलायला किंवा फेडायला चालतात. गेल्या वर्षी मी मात्र काहीही मागायचं नाही असं ठरवून निघाले होते. देवाचे उपकार आठवायचे, एवढंच. मागणं सोपं असतं, ते तोंडात तयारच असतं. आठवायला बसलं की वेळ लागतो, हे मला लोणीच्या पुढं कळलं.

शनिवारी पहाटे जपमाळ सुरू झाली. जपमाळेत येशू-मरियेच्या आयुष्यातले प्रसंग आठवत प्रार्थना करतात, त्यांना रहस्यं म्हणतात; शनिवार म्हणून आनंदाची रहस्यं. दुसऱ्या रहस्यात मरिया आपल्या नात्यातल्या अलीशिबेला भेटायला जाते. देवदूताचा निरोप नुकताच कानी पडलेला, आणि ही नासरेथची पोर घाईनं उठून यहूदियाच्या डोंगराळ मुलखाकडे निघते. तिथं पोचल्यावर तिच्या तोंडून जे गाणं येतं त्यात प्रवासाचे कष्ट नाहीत की स्वतःचा मोठेपणा नाही. प्रभूची दया पिढ्यानपिढ्या आहे, त्यानं दीनांना उंच केलं, भुकेल्यांना पोटभर दिलं, पूर्वजांना दिलेला शब्द तो विसरला नाही, असं ती गाते. आमचे काही प्रॉटेस्टंट नातेवाईक विचारतात, तुम्ही मरियेच्या यात्रेला का जाता? मी म्हणते, यात्रा तिची आहे, स्तुती तिच्या देवाची आहे. तिनंच ती आम्हाला शिकवली.

बाभळेश्वर मागं पडलं तशी ऊन-पावसाची लपाछपी सुरू झाली. दोन्ही अंगांना ऊस, मधूनच पाटाची चारी. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं आणि प्रवरेच्या कालव्यांनी हा मुलूख हिरवा केला. आम्ही वरच्या कोरडवाहू गावांतले, त्यामुळं इतकं पाणी बघून आमच्यातल्या म्हाताऱ्या माणसांचा पाय अजून थबकतो. अशाच एका चारीपाशी आमच्या निवृत्त मास्तरांनी बायबलातलं १३६वं स्तोत्र धरलं.

ज्यांना ते पाठ नाही त्यांनाही ते म्हणता येतं. एकानं ओळीचा पहिला भाग म्हणायचा आणि बाकीच्यांनी उत्तर द्यायचं, "कारण त्याची दया सनातन आहे." २६ ओव्या, २६ वेळा तेच उत्तर. चालीला फार बरं पडतं. पावलं आपोआप एका ठेक्यात येतात. त्या स्तोत्रात दयेचं नुसतं गुणगान नाही, तिचा हिशेब आहे. दिवसावर सूर्य नेमला, रात्रीवर चंद्र नि तारे. तांबडा समुद्र दुभंगला. लोकांना अरण्यातून चालवलं. अमोऱ्यांचा राजा सीहोन, बाशानचा राजा ओग, अशी नावंसुद्धा घेतलेली. ज्यानं हे रचलं त्याला देव कुठं, कधी, कुणाच्या वेळी धावून आला ते सगळं ठाऊक होतं.

स्तोत्र संपलं. मास्तर पाणी प्यायला थांबले. तेवढ्यात मागून एका मावशींनी खड्या आवाजात स्वतःचीच ओवी जोडली, "बहात्तरच्या दुष्काळात माझ्या आईनं खडी फोडली, आम्हा पोरांना सुकडी मिळाली!"

क्षणभर कुणाला सुचेना. मग सगळ्यांनी मिळून उत्तर दिलं, "कारण त्याची दया सनातन आहे."

पुढं थांबणंच नव्हतं. "लाल मिलोची भाकरी खाल्ली, पण उपाशी निजलो नाही." "पोरगी नर्स झाली." दरेवाडीकडच्या एका काकांनी फादर हर्मन बाखरांचं नाव घेतलं. स्वित्झर्लंडहून आलेल्या, जेसुइट या धर्मसंघातल्या या फादरांनी नगर जिल्ह्यात पाणलोटाचं काम उभं केलं. "डोंगराला चर खणले, विहिरीला पाझर फुटला," काका म्हणाले, आणि उत्तर देताना त्यांचाच आवाज सगळ्यात मोठा होता. मरियेनं गायलेलं भुकेल्यांचं नि दीनांचं गाणं आमच्या वस्त्यांना परकं नाही. ज्यांना गावच्या विहिरीवर पाणी भरू दिलं जात नव्हतं त्यांची आम्ही नातवंडं-पतवंडं. पिढ्यानपिढ्या म्हणजे काय, ते आमच्या घराघरांत माहीत आहे.

मग माझी पाळी आली.

२०२१च्या एप्रिलमध्ये आई आणि अण्णा दोघंही कोरोनानं एकाच दवाखान्यात होते. आम्ही भावंडांनी दोघांसाठी एकच प्रार्थना केली होती, रात्रंदिवस. आई घरी आली. अण्णा आले नाहीत. पुढं कितीतरी दिवस मला स्तुतीची गीतं म्हणवत नव्हती. आईसाठी आभार मानले की अण्णांचं काय, हा प्रश्न तिथंच उभा. लोक समजावायचे, देवाची इच्छा. मला त्या उत्तरानं कधी समाधान झालं नाही आणि आजही होत नाही.

पण त्या चारीच्या कडेनं चालताना मला अण्णांची शेवटची रात्र आठवली. आत जायला मनाई होती. पीपीई घातलेल्या एका नर्सताईंनी आपली पाळी संपल्यावरही थांबून अण्णांच्या कानाशी फोन धरला, आम्ही इकडून "हे आमच्या स्वर्गातील बापा" म्हटलं. अण्णांना धाप होती, तरी "आमची रोजची भाकर" एवढं त्यांनी आमच्याबरोबर म्हटलं. ताईंचा चेहरा मी कधी पाहिला नाही. माझं मागणं मिळालं नाही, पण त्या रात्री देव तिथं नव्हता असं मला म्हणता येत नाही. क्रुसावर स्वतः एकटा पडलेला ख्रिस्त माझ्या अण्णांना एकटं कसं टाकेल?

मी म्हटलं, "अण्णांच्या उशाशी कुणीतरी थांबलं."

उत्तर आलं. माझ्या शेजारी आई चालत होती; तिनंही ते म्हटलं, स्पष्ट म्हटलं.

श्रीरामपूर ओलांडून हरेगावात शिरलो तेव्हा अंधारलं होतं. बेलापूर कंपनीचा साखर कारखाना कधीचा बंद पडलाय, पण यात्रेच्या रात्री गाव जागं असतं. हार आणि मेणबत्त्यांची दुकानं, पाळणे, कर्ण्यावरून मिस्साच्या, म्हणजे उपासनेच्या, वेळा. माउलीपुढं मेणबत्ती लावायला गळ्यात मंगळसूत्र, कपाळावर ठसठशीत कुंकू असलेल्या कितीतरी बायकाही येतात, आणि त्यांना इथं कुणी वेगळं मानत नाही.

पापनिवेदनाची रांग लांब होती. आमचं स्तोत्र तिथंही हळूहळू चालूच होतं. पुढं उभ्या असलेल्या जालन्याकडच्या एका बाईंनी वळून विचारलं, "काय म्हणताय ताई तुम्ही?" मी सांगितलं. त्यांनी थोडा विचार केला, पदर सावरला आणि म्हणाल्या, "माझ्या धन्याची दारू सुटली, तीन वर्सं झाली."

अख्ख्या रांगेनं उत्तर दिलं. पडद्यामागून फादरांनीही.