यादीतला चौथा नग

मोशीच्या प्रदर्शन केंद्रात शेवटच्या संध्याकाळी स्टॉल उतरायला लागले की आमचं खरं काम सुरू होतं. पेटीचं झाकण बसण्याआधी एकेक नग कार्नेटच्या, म्हणजे तात्पुरत्या आलेल्या परदेशी मालाच्या कस्टम्स-पुस्तिकेच्या, यादीशी ताडून पाहायचा. त्या दिवशी जर्मनीहून आलेलं मोजमापाचं स्कॅनिंग यंत्र होतं. स्कॅनर, सेन्सर, लॅपटॉप, तिवया, कॅलिब्रेशन प्लेट, केबल असे अकरा नग. पहिले तीन जुळले, चौथ्याला अडलं. यादीत सेन्सरचा सिरीयल नंबर 17 ने संपत होता. नेमप्लेटवरची धूळ पुसली तर तिथे शेवटी 62.

विचारपूस केल्यावर उलगडा झाला. प्रदर्शनाआधी जुळणी करतानाच मूळ सेन्सर बंद पडला होता. कंपनीने दुसरा विमानाने धाडला, भोसरीच्या विक्रेत्याने बिल ऑफ एंट्री (आयातीचा कस्टम्स अर्ज) भरून, शुल्क देऊन तो सोडवून घेतला. बिघडलेला सेन्सर जर्मन इंजिनिअर बॅगेत घालून घरी घेऊन गेला. विमानतळावर कस्टम्सला दाखवला नाही. कुणाचाही हेतू वाईट नव्हता, पण भारताच्या कागदावर 17 नंबरचा सेन्सर अजून भारतातच होता.

एटीए कार्नेट म्हणजे मालाचा पासपोर्ट. 1961 च्या ब्रुसेल्स कराराने तो सुरू झाला. शुल्क न भरता माल आत येतो, कारण तो परत गेला नाही तर पैसे भरण्याची हमी आधीच दिलेली असते. आपल्याकडे ही हमी फिक्की या उद्योग-व्यापार संघटनेची. पुस्तिकेचं मुखपृष्ठ हिरवं. पिवळी पानं मायदेशातून निघताना आणि परतताना, पांढरी परक्या देशात शिरताना आणि बाहेर पडताना, निळी वाटेतल्या देशासाठी. प्रत्येक पानाचा एक भाग कस्टम्स फाडून घेतं, दुसरा शिक्का मारून पुस्तिकेतच राहतो. या राहिलेल्या पांढऱ्या भागावर परतीची शेवटची तारीख लिहिलेली असते आणि ती नीट वाचणारे फार थोडे. मुखपृष्ठावर एक वर्षाची मुदत दिसते म्हणून लोक निर्धास्त राहतात. प्रदर्शनासाठी आलेला माल भारतातून सहा महिन्यांत परत गेला पाहिजे.

यादी एकदा शिक्का बसून आली की तीत नवा नग घालता येत नाही. म्हणून 62 नंबरचा सेन्सर कार्नेटवर जाऊच शकत नव्हता. ‘मॉडेल तेच आहे, कोण बघतंय’ असं स्टॉलवरचे एक जण म्हणाले. मी ठाम नकार दिला. मुंबई विमानतळावर सहारला तपासणीत नंबर जुळला नाही तर एका नगासाठी अकराही नग संशयात येतात.

त्या रात्री दोन पेट्या वेगळ्या केल्या. मोठ्या पेटीत दहा नग, आणि कार्नेटच्या पांढऱ्या परतीच्या पानावर स्पष्ट लिहिलं: नग 1 ते 3 आणि 5 ते 11. दुसऱ्या छोट्या पेटीत नवा सेन्सर, स्वतंत्र शिपिंग बिलावर (निर्यातीचा कस्टम्स अर्ज), सीमाशुल्क कायद्याच्या कलम 74 खाली ड्रॉबॅकचा दावा नोंदवून. शुल्क भरलेला माल दोन वर्षांच्या आत परत गेला तर त्यातलं बरंचसं शुल्क मिळतं. न वापरलेल्या मालावर 98 टक्के. वापरलेला असेल तर तीन महिन्यांपर्यंत 95, सहापर्यंत 85, आणि पुढे उतरत उतरत 18 महिन्यांनंतर काहीच नाही. अट एकच: आलेला नग तो हाच, हे अधिकाऱ्याला पटलं पाहिजे. इन्व्हॉइसवर फक्त मॉडेल होतं. पॅकिंग लिस्टवर मात्र 62 ने संपणारा पूर्ण नंबर होता. या एका ओळीवर दावा उभा राहिला. लेट एक्स्पोर्टनंतर, म्हणजे कस्टम्सने माल बाहेर न्यायला परवानगी दिल्यावर, तीन महिन्यांत अर्ज करायचा, हे विक्रेत्याला तिथेच लिहून दिलं.

उरला तो 17 नंबर. परत गेल्याचा पुरावा नसेल तर कस्टम्स हमी देणाऱ्या संस्थेकडे शुल्क मागतं, वर 10 टक्क्यांपर्यंत जादा रक्कमही लागू शकते, आणि ते सगळं शेवटी कार्नेटधारकाच्या माथी येतं. कार्नेटची मुदत संपल्यावरही वर्षभर ही मागणी येऊ शकते, म्हणून ‘काही पत्र आलं नाही’ यावर विसंबता येत नाही. आल्यावर पुरावा द्यायला सहा महिने मिळतात. यावर करारातच वाट आहे: माल ज्या देशात आहे तिथल्या कस्टम्सने तो प्रत्यक्ष पाहून दिलेला दाखला चालतो. त्याच रात्री जर्मनीला कळवलं की सेन्सर उघडू नका, दुरुस्तीला देऊ नका, नेमप्लेट काढू नका; आधी तो तिथल्या कस्टम्सपुढे ठेवा आणि नंबरासह दाखला घ्या. नेमप्लेट गेली की दाखल्याला काही अर्थ उरत नाही.

हे सगळं टळलं असतं. कार्नेट काढतानाच परतीची पांढरी पानं एखादी जास्त मागायची. माल तुकड्यातुकड्याने परत नेता येतो. इंजिनिअरने निघताना पुस्तिका आणि सेन्सर दोन्ही विमानतळावर दाखवले असते तर चौथा नग तिथेच सुटला असता. पण पुस्तिकेत परतीचं पान एकच होतं, आणि ते मोठ्या पेटीसाठी राखून ठेवलेलं.