एकाच पदवीत तत्त्वज्ञान आणि धर्म-अभ्यास

पदवीसाठी तत्त्वज्ञान आणि धर्म-अभ्यास एकत्र घेणाऱ्याला पहिल्या सत्रातच जाणवते, की हे दोन विषय शेजारी असले तरी त्यांचे फारसे पटत नाही. तत्त्वज्ञानाच्या तासाला आम्ही ईश्वराच्या अस्तित्वाचा अकराव्या शतकात ख्रिस्ती धर्मचिंतक अॅन्सेल्मने मांडलेला युक्तिवाद (ज्याहून थोर काही कल्पिता येत नाही तो केवळ कल्पनेत असू शकत नाही, म्हणून तो आहेच) घेत असू, त्यातले एकेक गृहीतक सुटे करून तपासत असू आणि अस्तित्व हा वस्तूचा गुणधर्म मानता येत नाही या 1781 मधील जर्मन तत्त्वज्ञ कांटच्या आक्षेपापाशी येऊन थांबत असू. धर्म-अभ्यासाच्या तासाला मात्र ईश्वर आहे की नाही, हा प्रश्नच बाजूला ठेवला जाई. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ द्युर्केमने 1912 मध्ये धर्माची जी व्याख्या केली, तिच्यात देव नाही. पवित्र आणि लौकिक यांतील भेद व त्या भेदाभोवती एकत्र येणारा समुदाय यांवर ती उभी आहे, कारण ईश्वराला केंद्रस्थानी ठेवले तर बौद्ध धर्म धर्माच्या कक्षेबाहेर पडतो. निबंधात या दोन पद्धतींची सरमिसळ झाली की गुण कापले जातात (आणि माझ्या मते ते कापलेच पाहिजेत).

बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुन वाचताना मात्र ही विभागणी डळमळते. त्याचा शून्यतेचा, म्हणजे कोणत्याही गोष्टीला स्वतःचे स्वतंत्र अस्तित्व नसते हा, युक्तिवाद तर्काच्या कसोटीवर घासून पाहता येतो. पण तो दुःखमुक्तीच्या मार्गाचा भाग आहे हे विसरले, तर तो कशासाठी केला आहे हेच उमगत नाही. शंकराचार्यांच्या भाष्यांचेही तसेच आहे, आणि ती कोणत्याही एकाच विभागाच्या वाचनयादीत टाकणे मला अन्यायाचे वाटते.