रॉस प्रकल्प: डासाचं जठर अखेर सबंध निघालं!

मंडळी, निघालं एकदाचं! हिवताप डासांमुळे पसरतो हे दाखवणाऱ्या डॉक्टर रोनाल्ड रॉसने जसे डास कापले, तसे आपणही कापून बघायचे, हा माझा रॉस प्रकल्प. क्युलेक्स जातीच्या डासाच्या मादीचं जठर, कुठेही न फाटता, थेट सलाइनच्या थेंबात. मागच्या वेळी जठर निघेना, तेव्हा ज्यांनी ‘नाद सोड, तयार स्लाइड विकत घे’ असा सल्ला दिला होता, त्यांना खास नमस्कार.

घोडं अडलं होतं ते डासाच्या पोटाच्या शेवटच्या दोन खंडांपाशी. पुस्तकात एका ओळीत लिहितात, ‘पोटाचं टोक सुईने ओढावं, आतडं बाहेर येतं.’ येतं, पण अर्धंच! मालपिघी नलिका (शरीरातली घाण बाहेर टाकणाऱ्या बारीक नळ्या) जिथे सुटतात त्याच्या जरा मागे तुटतं आणि जठर आत राहून जातं. सुई बदलली, थेंब बदलला, तरी तेच. शेवटी तीन गोष्टी एकत्र जमल्या. एक म्हणजे डास फ्रीझरमध्ये मारायचा नाही. गोठला की आतडं पिचपिचीत होतं. फ्रिजमध्ये नुसता सुस्त करून घ्यायचा, छाती दाबायची आणि लगेच कामाला लागायचं. दुसरं, थेंब अगदी लहान हवा, नाहीतर डास तरंगतो आणि सुईला दाद देत नाही. खरी मेख तिसरी. सातव्या खंडाला दोन्ही बाजूंनी बारीक चीर द्यायची, मग एका सुईने छाती धरून दुसरीने थोडं ओढायचं, थांबायचं, पुन्हा ओढायचं. आतडं ताणलं जातं आणि तुटतं ते पुढे, गळ्याकडे. आपल्याला तेच हवं असतं.

सुयांबद्दल: ऑनलाइन मागवलेल्या ‘प्रोफेशनल’ किटमधल्या सुयांनी गोधडीसुद्धा शिवता येणार नाही. मेडिकलमधली इन्सुलिनची सिरिंज घ्या, काम फत्ते.

आता दृश्य. पारदर्शक पिशवी, तिच्यावर स्नायूंच्या धाग्यांची जाळी आणि खाली लोंबणाऱ्या पाच मालपिघी नलिका. पाचही मोजल्या, बराच वेळ नुसता बघत बसलो. पंखा बंद, घामाच्या धारा. सिकंदराबादेत रॉसही पंखा चालू देत नसे, कारण कापलेले डास वाऱ्याने उडून जात. त्याच्या मायक्रोस्कोपचे स्क्रू घामाने गंजले होते आणि उरलेल्या एकुलत्या आयपीसला (डोळ्याकडच्या भिंगाला) तडा गेला होता. माझं आयपीस धड आहे, तेव्हा तक्रारीला जागा नाही.

२० ऑगस्ट १८९७ ला त्याला डासाच्या जठराच्या भिंतीत सुमारे १२ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) गोल पेशी दिसली, आत काळे कण, हिवतापाच्या जंतूत असतात तसे. माझ्या मायक्रोमीटरवर (मायक्रोस्कोपमधल्या मोजपट्टीवर) ४० एक्सच्या भिंगाला एक घर अडीच मायक्रॉनचं, म्हणजे जेमतेम पाच घरं! दुसऱ्या दिवशी त्याच तुकडीतल्या डासात त्या पेशी मोठ्या झालेल्या दिसल्या, म्हणजे काहीतरी वाढत होतं. हे डास चार दिवस आधी हुसेन खान या रुग्णाला चावले होते, दर डासाला एक आणा मोबदला देऊन. आधीची दोन वर्षं रॉस भलत्याच जातीचे डास कापत बसला, असं सगळे हळहळून सांगतात. मला ते पटत नाही. ती निरोगी जठरं नजरेखालून गेली नसती, तर ही पाच घरांची पेशी त्याला वेगळी वाटलीच नसती. माझ्या हाताखालून तर आत्ता कुठे एक सबंध जठर गेलंय.

आणि लष्करी खात्याची कमाल बघा. शोध लागतो न लागतो तोच इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या या सर्जन-मेजरची बदली! आधी मुंबई, तिथून राजपुतान्यात खेरवाड्याला, जिथे हिवतापाचे रुग्णच नाहीत. १८९८ च्या फेब्रुवारीत तो कलकत्त्याला पोचला, पक्ष्यांच्या हिवतापाकडे वळला आणि जुलैत जंतू डासाच्या लाळग्रंथींत सापडले. १९०२ चं नोबेल त्यावरच.

म्हणून पुढचा टप्पा लाळग्रंथी. डोकं हळूच ओढायचं, ग्रंथींची जोडी सोबत येते, प्रत्येकीला तीन पाळ्या. जिएम्सा या रंगाने रंगवायचं ठरवलं होतं, पण लिहिता लिहिता वाटतंय, आधी कंडेन्सरखाली (स्लाइडवर प्रकाश एकवटणाऱ्या भिंगाखाली) काळ्या कागदाची चकती ठेवून डार्कफील्ड, म्हणजे काळ्या पार्श्वभूमीवर उजळ चित्र, करून बघावं. न रंगवताच पाळ्या उठून दिसतील. जिएम्सा मग बघू.

आणि खरं तर क्युलेक्सवर का अडायचं? रॉसला ज्यांत ती पेशी सापडली, ते ठिपक्याठिपक्यांच्या पंखांचे डास ॲनोफिलीस होते, म्हणजे माणसाचा हिवताप पसरवणारे. आपल्याकडे ॲनोफिलीस स्टीफेन्सी गच्चीवरच्या टाक्यांत होतो. क्युलेक्सची अळी पाण्यात डोकं खाली करून लटकते, ॲनोफिलीसची पृष्ठभागाला समांतर आडवी पडते, त्यामुळे ओळखायला सोपी. रविवारी टॉर्च आणि गाळणी घेऊन गच्चीवर जाणार. चेअरमनसाहेबांना ‘टाकी तपासतोय’ एवढंच सांगितलंय. डासांची पैदास सापडली की महापालिका नोटीस काढते, म्हणून बाटलीला मच्छरदाणीचं दुहेरी कापड बांधलंय. कुणाकडे इमर्शन ऑइलची (मोठ्या भिंगाखाली स्लाइडवर टाकायच्या तेलाची) अर्धी बाटली उरली असेल तर सांगा, कुरिअरचा खर्च माझा.