पाडव्याआधीची देणी

सोमवार, १६ मार्च

शैला हसत म्हणाली म्हणून जास्त लागलं. रागाने म्हणाली असती तर तिथल्या तिथे दोन शब्द सुनावून मोकळी झाले असते आणि आता शांत झोपले असते. "तू ना, भारीच हिशेबी आहेस बाई." दारातच म्हणाली. पुरणयंत्र माझ्या हातातून तिच्या हातात जाताजाता. मग चहा झाला, तिच्या गुडघ्यांचं झालं, बिल्डरने या महिन्याचं भाडं अजून टाकलेलं नाही हेही झालं. मी नुसती मान हलवत होते. पाचपाखाडी ते माजिवडा, रिक्षात डोक्यात तेच.

हिशेबी? मी?

बरं, यंत्र मी होळीला आणलं होतं. आमचं कुठल्या खोक्यात आहे ते देवाला माहीत, आणि खोकी भाऊजींच्या गोडाऊनमध्ये. नौपाड्यात होतो तेव्हा शैलाकडून काही आणायचं तर जिना उतरायचा एवढंच. आता बिल्डिंग पाडली, आम्ही चहूकडे पांगलो, तर एका यंत्रासाठी रिक्षा करावी लागते. ह्यांनी सकाळी ऐकवलंच, "जाण्यायेण्याच्या पैशात अर्धं यंत्र विकत आलं असतं." ह्यांचं मार्च एंडिंग चालू आहे, त्यामुळे सध्या जगातला खरा हिशेब तो त्यांचा, बाकीच्यांचे छंद.

पण पाडव्याच्या आधी द्यायचं म्हणजे द्यायचं. दुसऱ्याची वस्तू घरात ठेवून गुढी उभारायची नाही. हे कुठल्या पोथीत नाही, आमच्या बाबांचं आहे. "गुढीला परक्याची वस्तू दिसता कामा नये," म्हणायचे. पाडव्याच्या आधीच्या रविवारी कापडी पिशवी घेऊन निघायचे. कुणाचा पाना, कुणाची शिडी (ती अर्थातच पिशवीत नाही, खांद्यावर), वाण्याची उरलेली उधारी, आणि ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाची पुस्तकं. १८९३ सालापासून उभी असलेली संस्था, तिला बाबांच्या दोन पुस्तकांची काय एवढी घाई होती! पण नाही. पुस्तकं वाचून झाली नसली तरी परत. पाडवा झाला की तीच पुन्हा घेऊन यायचे. मी हातात हात देऊन सोबत असायचे, आणि परतताना तळावपाळीवर काहीतरी खायला मिळायचं. म्हणून मला ही प्रथा आवडत असेल, आणखी काही नसेल त्यात.

तेजू म्हणते, तुझी ती काही परंपरा नव्हे, आजोबांची सवय होती. मी म्हटलं, आणि तू नऊवारी नेसून गॉगल लावून स्वागतयात्रेत बाइक चालवतेस ते काय वेदात आहे? डोंबिवलीच्या गणेश मंदिराने १९९९ साली यात्रा काढली, मग आपल्याकडे कौपिनेश्वरची पालखी निघायला लागली. माझं लग्न त्याच्या आधीचं आहे. बाबांची पिशवी तर त्याहून जुनी. यावर ती हसली आणि हेडफोन लावले. तिला परवा पहाटे ढोलाचा सराव आहे.

पण शैला. तिला हे सगळं माहीत आहे! बाबांची पिशवी तिने पाहिलेली आहे. मग ती असं का म्हणाली?

संध्याकाळभर तिला सांगता येतील अशी उत्तरं तयार करत होते. तुझ्या सुनेच्या डोहाळजेवणाला कोण राबलं? तेव्हा मी कुठे काय मोजलं? मंजूवहिनींच्या वेळी रात्र रात्र दवाखान्यात कोण बसलं होतं, आणि नंतर कुणी साधं विचारलं तरी का... जाऊ दे. हे लिहिताना लक्षात येतंय की मला सगळं तारीखवार आठवतंय. न मोजणाऱ्या माणसाला इतकं आठवू नये.

आणि मला मेलीला कुणी परत आणून देत नाही. माझा पितळी झारा कुणाकडे आहे, इडलीपात्र कुणाकडे, मला सगळं पाठ आहे, पण मागायला तोंड होत नाही. मी मात्र उन्हातान्हात लोकांची भांडी पोचवत फिरायची आणि वर हे ऐकायचं. रडूच आलं जरा. ह्यांनी विचारलं काय झालं, म्हटलं कांदा. कांदा चिरलेलाच नव्हता.

जेवणं झाल्यावर पंचांग काढलं, मुहूर्ताचं बघायला. तेजूने मागे विचारलं होतं, गेल्या वर्षी पाडवा ३० मार्चला, त्याच्या आदल्या वर्षी ९ एप्रिलला, यंदा १९ मार्चलाच कसा. सोपं आहे. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं, सूर्याचं ३६५ चं. दर वर्षी अकरा दिवसांची उधारी चढते, म्हणून सण मागे मागे सरकतात, आणि तीन वर्षं पुरी व्हायच्या आत पंचांग एक अधिक महिना टाकून सगळी बाकी चुकती करतं. यंदा ज्येष्ठ अधिक आहे, १७ मे ते १५ जून. त्याला कोणी हिशेबी म्हणत नाही. उलट जावयाला तेहतीस अनारसे मोजून वाण देतात! तेहतीसच. बत्तीस दिले तर शैलाच पहिली बोलेल. तिच्या जावयाचं वाण आहे यंदा.

इथे मला हसू यायला लागलं.

कारण यंत्र मी रिकामं दिलंच नव्हतं. कुणाचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही आईची शिस्त. पुरणयंत्रात घालणार काय, म्हणून सोबत डब्यातून चिंच-गुळाची आमटी नेली होती. आता माझा डबा शैलाकडे. म्हणजे ती तो काहीतरी भरून परत करणार. मग तिचं काहीतरी माझ्याकडे येणार. बाबा पिशवी घेऊन देणी फेडायचे आणि आई मागून नवी करून ठेवायची. एकाच घरात! एवढ्या वर्षांत हे कधी जाणवलं कसं नाही. शिवाय पाडव्याला ह्यांना पुरणपोळीच हवी आहे, श्रीखंड नको, विकतचं फार गोड असतं म्हणे. म्हणजे बुधवारी पुन्हा पाचपाखाडी, तेच यंत्र मागायला. शैला दारात काय म्हणेल ते मला आत्ताच ऐकू येतंय. म्हणू दे. चुकीचं नाही म्हणणार.

बाकी तयारी: वेळूची काठी खोक्यात नाही, नशीब, गच्चीवर ठेवायला नको म्हणून बरोबर आणली होती. भाड्याच्या घराला ग्रिल आहे, दोरीने बांधता येईल, वॉचमनला सांगून ठेवलंय. तांब्या घासायचा. खण नवा आहे. गाठी, आंब्याचा डहाळा आणि कडुलिंब जांभळी नाक्यावरून. बिल्डिंगच्या मागे कडुलिंब होता तेव्हा फुलोऱ्यासकट हवा तेवढा मिळायचा. आता चटणीपुरती पानं मोजून विकत घ्यायची. ओवा, गूळ, चिंच, हिंग सगळं आहे. तेजू ती चटणी औषधासारखी डोळे मिटून गिळते, पण गिळते.

देण्यांच्या यादीत दोनच गोष्टी उरल्यात. वाचनालयाचं पुस्तक, ते उद्या. आणि अण्णाची छत्री.

छत्री पावसाळ्यापासून दारामागे आहे. त्या दिवशी तो गेला तेव्हा बाहेर चांगला पाऊस होता, तरी तशीच टाकून गेला. नंतर फोन नाही, माझाही नाही. जागेच्या कागदांचं जे काय व्हायचं ते होईल, त्यावर आज लिहीत नाही. नियमाप्रमाणे छत्री गुरुवारच्या आत ऐरोलीला पोचायला हवी. माजिवड्याहून फार लांब नाही. ह्यांनी मघाशी विचारलंही, "मी जाता जाता टाकू का?"

नको म्हटलं. कुणाच्या तरी हातून पाठवली की हिशेब संपला, आणि मला तो संपवायचा नाहीये. बाबांची क्षमा मागून छत्री यंदा ठेवून घेतेय. गुढीला दिसली तर दिसू दे. हवी असेल तर त्याने येऊन घेऊन जावी. गुरुवारी मी दिवसभर घरी आहे, पोळ्या त्याच्या वाटणीच्याही होतील. आणि बहिणीकडे सणाला यायचं तर रिकाम्या हाताने येऊ नये एवढं त्याला आईने शिकवलेलं आहे.